बाईंच्या ग्लासातली गोळी

आमच्या कंपनीत एखादी बॅच नापास झाली की सगळ्यांची तोंडं उतरायची आणि बाईंचा चेहरा खुलायचा. "सापडली! अगं, सापडली बघ!" असं ओरडत त्या लॅबमधून बाहेर पडायच्या आणि पायातले पांढरे कॅनव्हासचे बूट फटफट वाजवत लांबलचक पॅसेजमधून थेट प्रॉडक्शनपर्यंत धावत जायच्या. पन्नाशीचं वय, अंगानं भरलेल्या, सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली, त्यावर पांढरा अ‍ॅप्रन. नवीन माणसाला वाटायचं, कुठंतरी आग लागली. जुने लोक मशीनवरची नजर न काढता विचारायचे, "आज कोणती गेली?"

नाशिकजवळ सातपूरला आमची औषधांची कंपनी होती. गोळ्या बनवायची, बहुतेक सगळ्या सरकारी दवाखान्यांसाठी. बाई तिथल्या तपासणी विभागाच्या प्रमुख. नव्वदचं दशक सरत आलं होतं, मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि इंदिरानगरहून कंपनीच्या बसनं मुलाखतीला गेले होते. बाईंनी मला एकही प्रश्न विचारला नाही. पाण्याचा ग्लास समोर ठेवला, त्यात एक गोळी टाकली आणि म्हणाल्या, "बघत बस. काय होतं ते मला सांग." आणि त्या निघून गेल्या.

परत आल्यावर मी भीत भीत सांगितलं, "आधी कडेनं बुडबुडे आले. मग तिला भेग पडली. मग एकदम फुटली आणि ढग झाला. आता खाली गाळ बसलाय."

"वा!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "पुस्तकातलं एक वाक्य बोलली नाहीस. उद्यापासून ये."

मी "थँक्यू मॅडम" म्हणाले, तर म्हणाल्या, "मॅडम नको. मॅडम म्हटलं की मला लिपस्टिक लावल्यासारखं वाटतं. बाई म्हण."

तेव्हापासून बाई.

त्यांचं माहेर पंचवटीतलं. घरात पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंचे श्राद्धविधी सांगण्याचं काम. दोघं भाऊ रामकुंडावर तेच करायचे. बाई एकट्याच शिकून कारखान्यात आलेल्या. त्याबद्दल कुणी विचारलं की म्हणायच्या, "भाऊ माझे माणूस गेल्यावरचं बघतात. मी जायच्या आधीचं बघते. धंदा एकच आहे आमचा." यजमान नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये, छापलेल्या नोटा तपासायला. अगदी मितभाषी माणूस. बाई सांगायच्या, "आमच्याकडे नवरा-बायको दोघंही तपासणीवाले. तो नोटा तपासतो, मी गोळ्या. दोघांनाही माल घरी आणायची परवानगी नाही, म्हणून संसार सुखाचा."

त्यांच्या पर्समध्ये दूध तपासायची काचेची नळी असायची. माझ्या मामेबहिणीच्या लग्नाला मी त्यांना हौसेनं बोलावलं, तर बासुंदीच्या पातेल्याकडे बघून त्यांचे डोळे चमकले. मी त्यांचा हात धरला. "बाई, नको." "अगं, बघू तरी!" "बाई, मुलीकडचं लग्न आहे." तेव्हा कुठं त्या पाटावर बसल्या, पण जेवण होईपर्यंत आचाऱ्यावरची नजर हलली नाही. आचारीही त्यांच्याकडेच बघत होता. शेवटी तो स्वतः येऊन म्हणाला, "ताई, दूध आमच्या घरचं आहे हो!"

'बघू तरी' हा त्यांचा मंत्र. आणि सगळ्यात मोठं वेड म्हणजे लोकांच्या गोळ्या. बसमध्ये, बँकेच्या रांगेत, शेजारच्यांच्या घरी, जिथं कुणी औषध घेताना दिसेल तिथं बाई विचारणार, "कोणती घेता? दाखवा बरं." मग एक गोळी मागून घेणार, पाण्यात टाकणार आणि ती फुटेपर्यंत त्या माणसाला तिथंच उभं करून ठेवणार. गोळी नीट फुटली की त्याची पाठ थोपटायच्या, जणू त्यानंच ती बनवली. लोक हसायचे. मीही हसायचे. "बाई, ते बिचारे डॉक्टरला विचारतील ना!" मी म्हणायचे. "डॉक्टर माणूस तपासतो गं," त्या म्हणायच्या, "गोळी कोण तपासतो?"

त्या वर्षी सरकारी दवाखान्यांसाठी टीबीच्या गोळ्यांची मोठी ऑर्डर होती. मुदत जवळ आलेली, मशीनं दिवसरात्र चालू. त्यातली एक बॅच आमच्याकडे तपासायला आली. आमच्याकडे जाळीच्या तळाच्या नळ्या असतात, त्यांत गोळ्या ठेवून त्या कोमट पाण्यात वरखाली करायच्या. पाव तासात गोळीचा भुगा होऊन जाळीतून खाली पडला पाहिजे. या गोळ्या पाव तास झाला तरी तशाच. अर्धा तास झाला, तशाच. जाळीत नाचत होत्या खडखड. बाई तर हरखूनच गेल्या. "अगं, हे बघ! हे बघ! गारगोट्या आहेत नुसत्या!" घाईत गोळ्या नको तितक्या दाबून पाडल्या होत्या आणि चिकटवायचा पदार्थही जास्त पडला होता. पॅसेजमधून बाई पळाल्या, गोळ्या दाबून पाडणाऱ्या कॉम्प्रेशन विभागाच्या फोरमनला मशीन थांबवायला लावलं, आणि परत येताना घाम पुसत म्हणाल्या, "वाचले गं लोक!"

त्या बॅचच्या ड्रमांवर लाल 'रिजेक्टेड' लेबलं मी माझ्या हातानं चिकटवली. नंबर मार्करनं मीच लिहिला. ड्रम नापास माल ठेवायच्या जाळीच्या खोलीत गेले, कुलूप लागलं. आमच्या दृष्टीनं विषय संपला.

पुढं काही आठवड्यांनी कंपनीच्या सुट्टीच्या सकाळी बाई मला गोदाकाठी, गंगेवरच्या भाजीबाजारात घेऊन गेल्या. मला मेथी निवडता येत नाही, हे त्यांना समजलं होतं आणि ते त्यांना सहन होत नव्हतं. त्यांची नेहमीची एक भाजीवाली होती, मखमलाबादकडची. स्वतःच्या मळ्यातली भाजी आणायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. त्या दिवशी मावशीचं लक्ष नव्हतं. बाईंनी जुडी उलटीपालटी करत विचारलं, "काय गं, घरी सगळं बरं ना?"

"कशाचं बरं, ताई? मालकाला टीबी झालाय. दवाखान्यातून गोळ्या चालू हायेत, पण खोकला काय हटंना. उलट जास्तच."

"गोळ्या वेळेवर घेतात ना?"

"एक चुकवत नाय. मी सोता देते." मग मावशीनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज बारीक केला. "ताई, सांगाया लय लाज वाटती. गोळी सकाळी तशीच बाहेर पडती. गिळली तशीच. त्यांनी मला दाखवली. मी म्हनलं, असं कसं व्हईल?"

बाईंनी मेथी खाली ठेवली. "गोळ्या आहेत जवळ?"

मावशीनं कनवटीची गाठ सोडून गोळ्यांची स्ट्रिप पुढं केली. दवाखान्यातूनच ती सरळ बाजारात आली होती. बाईंनी स्ट्रिपकडे न बघता एक गोळी काढली, शेजारच्या चहाच्या गाडीवरून पाण्याचा ग्लास घेतला आणि गोळी आत टाकली.

आम्ही तिघी बघत राहिलो. मावशीनं मध्येच कुणाला कोथिंबीर दिली, कुणाला पालक. चहावाल्यानं आमच्यासाठी चहा केला, तो पिऊन झाला. गोळी तळाशी होती. गोल, पांढरी, कडा शाबूत. बाईंनी ग्लास हलवला. गोळी काचेवर आपटून टणटण वाजली.

तेव्हा बाईंनी चष्मा चढवला आणि स्ट्रिप उजेडात धरली. मी त्यांच्याकडे बघत होते. गोळी नापास झाली आणि बाई हसल्या नाहीत, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"हा नंबर वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचला. कंपनी आमची, नंबर तोच, माझ्या हातानं लाल लेबलवर लिहिलेला. स्ट्रिपच्या पट्ट्या मुदतीच्या घाईत आधीच छापून ठेवल्या होत्या, त्यामुळे तो बदलायचाही त्रास कुणी घेतला नव्हता.

बाईंनी मावशीची टोपली चहावाल्याच्या स्वाधीन केली आणि तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी मागोमाग. तिथल्या डॉक्टरांना बाहेर बोलावून त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर तरुण होते, आधी चिडले, मग स्ट्रिप हातात घेऊन त्यांनी नंबर वाचला. त्यांनी मावशीला दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या दिल्या आणि कपाटातल्या आमच्या गोळ्या बाजूला काढून ठेवल्या. "पण मॅडम," ते म्हणाले, "या तर तालुक्यातालुक्याला गेल्या असतील."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या आम्ही जाळीची खोली उघडली. चावी तपासणीसाठी आमच्याकडेही असायची. ड्रम जागच्या जागी होते. लाल लेबलं, माझं अक्षर. क्षणभर मला वाटलं, आपली काहीतरी चूक झाली. बाईंनी पहिल्या ड्रमचं झाकण उचकटलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. हात बाहेर आला तो पांढऱ्या पिठानं माखलेला. जुनं, ओल लागलेलं, गुठळ्या झालेलं स्टार्च. दुसऱ्या ड्रममध्ये तेच. तिसऱ्यातही तेच.

"कणीक मळायला ठेवलीय वाटतं," बाई म्हणाल्या. आणि एकदम त्यांच्या डोळ्यांत ती नेहमीची चमक आली. "चल!"

मॅनेजर साहेब हुशार गृहस्थ होते. पिठाचे हात घेऊन बाई केबिनमध्ये शिरल्या, तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं. "बसा, मॅडम. पाणी मागवू?"

"टीबीची बॅच कुठं आहे?"

त्यांनी टेबलावरचं पेन उचललं. मग म्हणाले, "हे बघा, औषध आत बरोबर आहे. वजन बरोबर, प्रमाण बरोबर. थोडी कडक झाली, एवढंच. मुदत चुकली असती तर ऑर्डर गेली असती. कामगारांना पगार कुठून द्यायचा?"

"औषध आत आहे, पण बाहेर येत नाही ना! माणूस तुरुंगात सुखरूप आहे, म्हणून तो घरी आला असं म्हणतात का?"

"तुमची सही नापासवरच आहे. पाठवणारे आम्ही. तुमच्यावर काहीही येणार नाही, याची मी हमी देतो."

"माझ्यावर नाही येत, साहेब. मखमलाबादच्या एका माणसाच्या छातीवर येतं."

साहेबांचा आवाज मऊ झाला. "मालक परदेशात आहेत. आठवड्याभरात येतील. त्यांच्याशी बोलू. तोपर्यंत हे या खोलीबाहेर जाऊ देऊ नका."

"आठवडाभर लोक या गोळ्या गिळणार," बाई म्हणाल्या आणि उठल्या. टेबलाच्या काचेवर त्यांच्या हाताचा पांढरा ठसा राहिला.

औषध खात्याच्या ऑफिसला जाताना रिक्षात त्यांची बडबड थांबत नव्हती. "नोकरी गेली समज. तुला उतरायचं असेल तर इथं उतर, मी मुळीच रागावणार नाही. वडील काय म्हणतील तुझे?" मी म्हटलं, "बाई, लेबल माझं आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारली. "अहो, जरा जोरात घ्या की! आम्ही काय सिनेमाला चाललोय?"

तिथले अधिकारी फायलींच्या ढिगामागे बसले होते. दमलेला, सभ्य माणूस. बाईंचं निम्मं ऐकून त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. "रीतसर लेखी तक्रार द्या. चौकशी करू."

"देते. आधी एक ग्लास पाणी द्या."

त्यांना वाटलं, बाईंना तहान लागली. शिपायानं पाणी आणलं. बाईंनी पर्समधून मावशीची स्ट्रिप काढली, गोळी ग्लासात टाकली आणि ग्लास त्यांच्या फायलींवर मधोमध ठेवला.

"आता आपण तिघं मिळून बघत बसू."

"अहो मॅडम, आमच्याकडे प्रयोगशाळा आहे, पद्धत आहे..."

"आहे ना! तिकडंही पाठवा. तोपर्यंत बघू तरी!"

ते हसले. एक फोन घेतला, बोलता बोलता ग्लासाकडे नजर गेली. दोन कागदांवर सह्या केल्या, पुन्हा नजर गेली. शिपाई चहा ठेवायला आला आणि तिथंच थांबला. शेजारच्या टेबलावरचे एक कारकून उठून आले. "काय आहे?" "टीबीची गोळी." "विरघळत नाही?" "नाही ना!" हळूहळू चार माणसं ग्लासाभोवती जमली. बाहेर रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, आत पंख्याची घरघर. अधिकाऱ्यांचा चहा गार झाला. शेवटी त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि टोपणाच्या टोकानं गोळी ढोसली. टिक, असा आवाज आला.

त्यांनी पुन्हा ढोसली. टिक.

मग ते खुर्ची मागं ढकलून उभे राहिले आणि दारातून ओरडले, "गाडी काढा!"

बाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की त्याचा वळ पुढं कितीतरी दिवस राहिला.

जीपमधून आम्ही कंपनीत परतलो, तेव्हा गेटवरचा वॉचमन सलाम करावा की अडवावं या विचारात तसाच उभा राहिला. ड्रम उघडले गेले. पंचनामा झाला. अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे लेबल कुणाचं?" मॅनेजर साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "माझं. अक्षर माझं आहे. मी लावलं तेव्हा आत गोळ्या होत्या." माझा आवाज मलाच परका वाटला. पण बोलून झाल्यावर इतकं हलकं वाटलं, की मला हसूच यायला लागलं. बाईंनी डोळे वटारले, तेव्हा थांबले.

सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आमच्यासारखाच आला. उत्पादन बंद करण्याचा हुकूम निघाला, सगळीकडून गोळ्या परत मागवायचा आदेश निघाला. आम्हा दोघींना कंपनीनं शिस्तभंगाच्या नावाखाली घरी बसवलं.

आमचं राहिलेलं सामान घ्यायला गेलो, त्या दिवशी गेटवर कामगार जमले होते. कॉम्प्रेशनचा फोरमन सगळ्यांत पुढं. रांगडा, उंच माणूस, दिंडोरीकडचा. त्यानं बाईंची वाट अडवली.

"मॅडम, मालकाला दोन गाड्या हायेत. त्याचं काय वाकडं होणार? बंद आमची चूल झाली. पोरांच्या फिया तुम्ही भरणार का?"

"नाही भरू शकत," बाई म्हणाल्या.

"मग कशाला केलं? गपचूप परत मागवता आल्या नसत्या? तुमच्या हाताखाली इतकी वर्षं काम केलं आम्ही!"

कुणीतरी मागून शिवी दिली. आम्ही तिथून निघालो आणि बसस्टॉपच्या बाकावर बसलो. बाईंनी पदरानं तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते. थोड्या वेळानं त्या नाक पुसत म्हणाल्या, "त्याचं बरोबर आहे गं. माझंही बरोबर आहे. आता काय करायचं?"

त्यांनीच दुसऱ्या दिवशी ठरवलं. आरोग्य खात्याची जीप पेठ, सुरगाणा या तालुक्यांच्या बाजूला गोळ्या गोळा करायला निघणार होती आणि गोळ्या ओळखणारं माणूस त्यांना हवंच होतं. बाई पुढच्या सीटवर चढल्या, मी मागं. त्यांच्या यजमानांनी डबा आणि पाण्याचा कॅन दिला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "वळणावळणाचा रस्ता आहे. तिला बोलायला लावू नका, मळमळतं." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वांत लांब भाषण.

बाई अख्खा घाट बोलत होत्या. प्रत्येक आरोग्य केंद्रात त्या वाऱ्यासारख्या शिरायच्या, कपाटं उघडायला लावायच्या, नंबर वाचायच्या आणि आमची स्ट्रिप मिळाली की, "सापडली! अगं, सापडली!" त्यांचा आनंद बघून नर्सबाईंना वाटायचं, यांचं काहीतरी हरवलं होतं. पाड्यापाड्यावर, ज्यांच्याकडे गोळ्या दिल्या होत्या त्यांच्या दारात आम्ही जायचो. एका पाड्यावर एका म्हाताऱ्यानं गोळ्या द्यायला साफ नकार दिला. डब्यात ठेवलेल्या, डबा छातीशी धरलेला.

"नाय देत. सरकारनं दिल्यात. मंग आमाला काय?"

"बाबा, या वाईट आहेत. चांगल्या देते बदल्यात."

"वाईट कशा? लय मजबूत हायेत. चावून फुटत नाय."

बाई मट्‌कन त्याच्या अंगणात बसल्या आणि पोटभर हसल्या. मग त्याच्याच तांब्यात दोन्ही गोळ्या टाकल्या, एक जुनी, एक नवी. नवी बघता बघता फुटली. म्हातारा वाकून बघत राहिला. तांब्यात बोट घालून त्यानं जुनी गोळी बाहेर काढली, तळहातावर फिरवली, आणि डबा बाईंच्या ओटीत ठेवला.

"म्हंजी मी इतके दिस खडं गिळलं?" त्यानं विचारलं.

बाईंचं हसू तिथंच थांबलं. "हो बाबा," त्या म्हणाल्या. "आमच्या कारखान्यातले."

मावशीचा नवरा बरा झाला. नव्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स घेऊन पुन्हा मळ्यात उभा राहिला. बाकीच्यांचं काय झालं, ज्यांच्या पोटातून त्या गोळ्या तशाच बाहेर गेल्या त्यांतले किती उशिरा का होईना सावरले, हे आम्हाला कधी कळलं नाही. त्या विषयावर बाई बोलत नसत. खटला वर्षानुवर्षं चालला. मॅनेजर साहेब शहर सोडून गेले. मालकांना शिक्षा झाली, ती अपिलात अडकली, आणि मध्येच त्यांनी कंपनी विकली.

बाईंना नोकरी मिळेना. ज्या ज्या कंपनीत गेल्या, तिथं चहा मिळाला, कौतुक झालं आणि 'कळवतो' असं उत्तर आलं. मला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. रविवारी मी त्यांच्या घरी नाशिक रोडला जायचे, तेव्हा बाई शेजाऱ्यांची हळद आणि तिखट तपासत बसलेल्या असायच्या. "भेसळ नाही सापडली आज," त्या खिन्नपणे सांगायच्या.

मग कंपनीचा नवा मालक आपण होऊन त्यांच्या घरी आला. चाळिशीचा माणूस, जुन्या लोकांतले बरेचसे परत घेणार होता. बाईंनी त्याला एकच अट घातली. "मी नाही म्हटलं, की ते नाहीच. मग मालक परदेशात असो नाही तर माझ्यासमोर." तो कबूल झाला. तो फाटकाबाहेर पडला असेल नसेल, तोच बाईंनी मला फोन लावला. "कॉलेजला राजीनामा दे. मी विचारत नाहीये, सांगतेय!"

कंपनी पुन्हा सुरू झाली ते कुंभमेळ्याच्या आधीचे दिवस. शहरभर रस्ते उकरलेले. आमच्या गेटसमोरही खडी पडलेली आणि एक रोडरोलर दिवसभर पुढंमागं करत असायचा. पहिली बॅच साध्या कॅल्शियमच्या गोळ्यांची होती. ती तपासायला आली, त्या दिवशी अर्धा कारखाना लॅबच्या दारात उभा. नारळ आणला होता, पेढे आणले होते. नवा मालक कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता. फोरमनही होता. कामाला परत आल्यापासून तो बाईंशी एक शब्द बोलला नव्हता.

बाई बाहेर आल्या. त्यांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं.

"गोळ्यांचं वजन कमीजास्त आहे," त्या म्हणाल्या. "नापास."

पेढ्यांचा खोका हातात धरलेला मुकादम तो कुठं ठेवावा हे शोधायला लागला. मालकानं घसा खाकरला. "मॅडम, पहिलीच बॅच आहे. कॅल्शियमच आहे तसं म्हटलं तर..."

"साहेब," फोरमन मध्येच म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा तांबडा झाला होता. "मॅडम नाय म्हनल्या ना? मग नाय. मशीन मी परत लावतो. पण ही बॅच आज, आत्ता, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोडायची. जाळीच्या खोलीत नाय ठेवायची. मला परत त्या गेटवर उभं राहायचं नाय."

मालकानं एकदा त्याच्याकडे, एकदा बाईंकडे बघितलं. मग मान डोलावली. बाईंनी मला ऑफिसकडे पिटाळलं, "जा, औषध खात्याला फोन लाव, परवानगी घे!" मी परत आले, तोवर फोरमन गेटबाहेर पळत जाऊन रोडरोलरवाल्याला घेऊन आला होता. अंगणात ताडपत्र्या अंथरल्या, ड्रम उपडे केले. पांढऱ्या गोळ्यांचा सडा पडला. रोलर धडधडत आत शिरला, आणि पहिल्या फेरीलाच असा आवाज झाला, जणू शंभर घरांत एकदम पापड भाजायला घेतलेत. लोक ओरडले. कुणी टाळ्या पिटल्या. पांढरी धूळ उडाली, केसांवर, मिशांवर, पेढ्यांवर बसली. दुसरी फेरी, तिसरी फेरी. मालकसुद्धा हसत होता, रुमालानं चष्मा पुसत.

मी बाईंना शोधायला लागले. त्या कुठं दिसेनात. मग वर बघितलं. साडी खोचून, फोरमनच्या हाताला धरून त्या रोलरवर चढल्या होत्या आणि ड्रायव्हरच्या शेजारी उभ्या होत्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्याफटक. एका हातानं रोलरच्या छपराचा पत्रा धरलेला, दुसऱ्या हातानं ताडपत्रीच्या टोकाकडे बोट.

"अहो, डावीकडं घ्या, डावीकडं!" त्या ओरडत होत्या. "ती एक राहिली! ती बघा, कोपऱ्यातली!"